गोधडीला लसणाचा वास

आमच्या सासरी माणसानं घ्यायची ती दवाई आणि झाडावर मारायचं ते औषध. हा फरक मला कोणी समजावून सांगितला नव्हता आणि मीही कधी विचारला नव्हता. मी साताऱ्याकडची. आमच्याकडं खोकल्याचंही औषधच आणि उसावर मारायचंही औषधच. या एका शब्दापायी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात सगळे माझ्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायला लागले. ते पुढं येईलच.

मी चौथीपर्यंत शिकलेली. लिहायची सवय नाही, म्हणून कुठं पुढचं मागं झालं तर सांभाळून घ्या. पण आमच्या भागात अजूनही बागेत फवारे चालतात, घराघरांत सुना गरोदर असतात, आणि त्यांच्या सासवाही जुनी कापडं जपून ठेवत असतील. हे डोक्यात आलं की मला स्वस्थ बसवत नाही.

गोष्ट सत्तर सालानंतरच्या दशकातली आहे. माझा मामा नरखेड स्टेशनात रेल्वेत होता. त्यानं हे स्थळ आणलं. संत्र्याची बाग, विहिरीवर पंप, एकुलता एक मुलगा. आई म्हणाली, "एवढ्या लांब पोरगी द्यायची?" वडील म्हणाले, "लांब कसलं, गाडी जाते की." गाडी जात होती, पण वाटेत दोनदा बदलावी लागायची. बाळंतपणाला माहेरी जायचं म्हटलं तर सातव्या महिन्यात तो प्रवास झेपणार नाही असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं.

माळ्यावरचं गाठोडं

सासूला सगळं घर माय म्हणायचं, मीही म्हणू लागले. माय बोलायला फटकळ, पण मला कधी उपाशी निजू दिलं नाही. भाकरी थापताना माझी चेष्टा करायच्या, "तुमच्या साताऱ्यात भाकर का ताट म्हणून वापरतेत? केवढी मोठी थापून राहिली वं!"

माझे सासरे मी आल्यावर दुसऱ्या वर्षी गेले. पिकलं पान होतं. शेवटपर्यंत स्वतःच्या पायांनी बागेत जात, स्वतःच्या हातांनी धोतर नेसत. ते गेल्यावर त्यांची मऊ झालेली धोतरं मायनी कोणाला दिली नाहीत. गाठोडं बांधून माळ्यावर ठेवलं. मला दिवस गेले तेव्हा त्या गाठोड्याकडं बोट करून म्हणाल्या, "हे तुह्या लेकराचं."

बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लागलं पाहिजे, तेही घरातल्या मोठ्या माणसाचं, हा रिवाज माझ्या माहेरीही होता. माय म्हणायच्या, "नवं कापड टोचते लेकराले. आन् म्हाताऱ्याचं कापड लागलं का म्हाताऱ्याचं आयुष्य लागते."

सातव्या महिन्यात यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, गाठोडं खाली काढून दिलं. माळ्यावर लसणाच्या वेण्या टांगलेल्या असत. बागेत मारायच्या औषधाचा डबाही तिथंच वर असायचा. घरात येणाऱ्याजाणाऱ्यांची लहान पोरं असतात, गुरं असतात, कोणाचा हात किंवा तोंड लागू नये म्हणून. काळजी घेण्यात आमच्या घरात कोणी कमी नव्हतं, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

धोतरांवर पिवळट डाग होते. जुन्या कापडाला पडतात तसेच वाटले. लसणाचा उग्र वास येत होता. मी ती विहिरीवर धुतली, उन्हात घातली. वास थोडा राहिलाच. माय म्हणाल्या, "राहू दे. लसणाच्या वासानं दृष्ट लागत नाई."

थंडीचे दिवस होते. मी रोज दुपारी ओसरीवर बसून गोधडी शिवायची. एक घडी खाली अंथरायची, एक मांडीवर, पोटावरून पांघरलेली. दोरा तोडायला दात लावायचे. थंडी वाजली की तीच अंगावर ओढून तिथंच कलंडायचे. बाळाच्या आधी मीच तिची ऊब घेत होते आणि मला त्याचं मोठं कौतुक वाटायचं.

डोहाळे नव्हेत

आधी मळमळ सुरू झाली. शेजारणी म्हणाल्या, पोटात जुळं असेल. मग तोंडाला सारखं पाणी सुटायला लागलं, उशी ओली व्हायची. थंडीत घाम. सुईत दोरा ओवेना, डोळ्यांसमोर सगळं धुरकट. डावी पापणी आपोआप उडायची. ती उडाली की काहीतरी वाईट ऐकू येणार, असं मी मनात धरून बसले. कोणाला बोलले नाही. परक्या मुलखात सुनेनं किती तक्रारी सांगायच्या, असं वाटायचं.

गावातल्या कंपाउंडरनं गुलाबी औषधाची बाटली दिली. त्यानं थोडं बरं वाटलं, असं मी म्हणत राहिले.

एका सकाळी चुलीपुढून उठताना पाय सुटले. छातीत कोणी दोरी आवळल्यासारखं झालं. यांनी मला बैलगाडीत घालून स्टेशनावर आणलं. मामानं गार्डाला विनवून डब्यात जागा केली. नागपूर येईपर्यंत मायनी माझं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्यांचं लुगडं माझ्या लाळेनं भिजून गेलं होतं.

एक शब्द

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर बाई होत्या. त्यांनी बॅटरीनं माझे डोळे पाहिले आणि एकदम सावध झाल्या. माझ्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

त्यांनी विचारलं, "काय घेतलं होतं?"

मी म्हणाले, "औषध घेतलं."

"कुठलं औषध?"

"घरातलंच. बाटलीतलं."

मी कंपाउंडरच्या गुलाबी बाटलीचं सांगत होते. माझ्यामागं माय एकदम ओरडल्या, "आवो माय! औषध घेतलं? काहून घेतलं वं? काय कमी केलं होतं म्या तुले?"

मला समजावून सांगायचं होतं. पण जीभ जड झाली होती, तोंडात पाणी मावत नव्हतं. पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर आले तर तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटलेली. छाती धडधडत होती, उजेड सोसवत नव्हता. ते सगळं इंजेक्शनानं होतं, त्यानंच माझा जीव वाचवला होता. खाटेजवळ एक पोलिस उभा होता. त्यानं विचारलं, "घरात त्रास होता का?" मी म्हणाले, "नाही." त्यानं मायकडं पाहिलं आणि मला परत तेच विचारलं, हळू आवाजात.

हे व्हरांड्यात बसून होते. पोलिस गेल्यावर आत आले. खाटेच्या लोखंडी दांडीवर हात ठेवून म्हणाले, "मले सांगाचं होतं ना, सुमन. माहेरी पोचवून दिलं असतं."

मी म्हटलं, "अहो, मी दवाई घेतली होती हो. कंपाउंडरची. ते औषध नाही." दवाई हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा वापरला तो तेव्हा.

ते हो म्हणाले. पण माणूस विश्वास ठेवून हो म्हणतो आणि आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून म्हणतो, त्यातला फरक बायकोला कळतो.

थांब म्हणणारा

रोज सकाळी आया वार्ड पुसायची, मग दूध-पाव यायचा, मग डॉक्टर बाई. त्या माझ्या हातातून रक्त काढून मेडिकल कॉलेजात तपासायला पाठवत. मी घाबरत घाबरत विचारलं, रक्तात काय बघता? त्या खाटेवर बसल्या. इतक्या कामात माझ्यासारख्या चौथी पास बाईला समजावत बसल्या, हे उपकार मी विसरणार नाही.

त्या म्हणाल्या, आपल्या नसा हातापायांना, छातीला, डोळ्यांना हुकूम देतात. हुकूम पोचला की 'आता थांब' म्हणणारं एक द्रव्य अंगात असतं. फवारणीचं औषध नेमकं त्यालाच मारतं. मग कोणी थांब म्हणत नाही. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, पापणी उडायची थांबत नाही. ते द्रव्य रक्तात किती उरलं आहे ते मोजता येतं. तुझं फार थोडं उरलं होतं, आता हळूहळू भरतंय.

"आणि बाळाचं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या पोटाला नळी लावून ऐकलं. "त्याचं रक्त आत्ता घेता येत नाही. त्याच्या छातीचे ठोके चालू आहेत. तेवढंच मी सांगू शकते."

त्या दिवसापासून मी पोटावर हात ठेवून लाथा मोजायची. लाथ मारली की वाटायचं, बरं झालं. जरा जास्त मारली की वाटायचं, याला थांब म्हणणारं कोणी उरलं नाही की काय.

शेजारच्या खाटेवर भिवापूरच्या रुखमाबाई होत्या. त्यांचं रक्तदाबाचं दुखणं, म्हणून बिनमिठाचं जेवण. ताट आलं की त्या कपाळाला हात लावायच्या. "भिवापूरची मी, घरी मिरचीचे ढीग, आन् मले हे पांढरं वरण! गावात सांगितलं तं कोणी दारात उभं नाई करणार." मी हसले की म्हणायच्या, "हास, हास. तुह्या पोरालेबी ऐकू जाते." सगळ्या वार्डात मला 'औषध प्यालेली' म्हणून न बघणाऱ्या एवढ्या रुखमाबाईच.

मायनी आणलेली ऊब

मला बरं वाटायला लागलं. रक्तातलं द्रव्य वाढलं. माय गावाकडं जाऊन आल्या. येताना दशम्या, लोणचं आणि माझी गोधडी घेऊन आल्या. दवाखान्याची कांबळी टोचत, आणि वार्डात गारठा असे.

गोधडी अंगावर घालत त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "म्या त्या दिवशी बोलली ते मनात ठेवजो नको. घाबरली होती." मग गोधडी पायाखाली नीट खोचली. "तुह्या सासऱ्याचा हात हाये समज हिच्यात."

मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली. दवाखान्याच्या फिनेलच्या वासात तो लसणाचा वास आला आणि मला घरी आल्यासारखं झालं. मी रडले, पण ते सुखाचं रडणं होतं.

एक-दोन दिवसांत पापणी परत उडायला लागली. घाम, लाळ, छातीत दोरी. परत ते इंजेक्शन. परत रक्त तपासलं, ते खाली गेलेलं. डॉक्टर बाई रागानं लाल झाल्या. आयाला सांगून माझी उशी, डबा, पिशवी, खाटेखालची ट्रंक, सगळं तपासलं. माय भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत तोच प्रश्न मला परत दिसला. काहून घेतलं वं?

तेव्हा रुखमाबाई उठून बसल्या. "बाई, हिनं काई नाई घेतलं. माह्या डोळ्यांसमोर पडून हाये. मले झोप कुठी लागते बिनमिठाच्या जेवणानं? संडासातबी मीच धरून नेतो."

डॉक्टर बाई माझ्याजवळ आल्या. बॅटरी घेऊन माझ्या डोळ्यांवर वाकल्या आणि तशाच थबकल्या. म्हणाल्या, "वार्डात लसूण कोणी आणला?"

"लसूण!" रुखमाबाई म्हणाल्या. "इथं मीठ भेटत नाई, बाई."

डॉक्टर बाईंनी माझ्या छातीवरची गोधडी नाकापाशी नेली. झटकन लांब धरली. "ही कुठून आली? कशाची केली आहे? कुठं ठेवली होती?"

मायनी सांगितलं. धोतरं, गाठोडं, माळा. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण माळ्यावर आणखी काय असतं ते त्यांना बोलतानाच आठवलं.

हे त्याच दिवशीच्या गाडीनं गावी गेले. परत आले ते चेहरा उतरवून. डबा बुडाला गंजला होता. खालची फळी पिवळी पडली होती, आणि गाठोडं नेमकं त्या फळीवर असायचं. त्या औषधालाच लसणासारखा वास असतो, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. फवारताना तो वास बागेत असायचा, घरात तो लसणाचाच वाटायचा.

डॉक्टर बाईंनी मला समजेल असं सांगितलं. ते तोंडानंच जावं लागतं असं नाही, कातडीतून जातं. घामानं जास्त जातं. साध्या पाण्यानं धुतल्यानं निघत नाही. मी रोज थोडं थोडं अंगात घेत होते, आणि रक्तानं त्याचा हिशोब ठेवला होता.

हे माझ्या खाटेपाशी आले. त्या लोखंडी दांडीवर हात ठेवून उभे राहिले. खाली मान घालून रडले. गडी माणूस असा चारचौघांत रडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पोलिस परत आला नाही.

माय मात्र त्या दिवसापासून माझ्या खाटेजवळ येईनात. दाराशी बसायच्या. मी हाक मारली तर म्हणायच्या, "इथंच बरी हाये मी."

लेकरू

आठव्यात कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. रडला नाही. डॉक्टर बाईंनी त्याला उलटं धरलं, पाठ चोळली, तोंड साफ केलं, तेव्हा मांजराच्या पिलासारखा आवाज आला. नाळेतलं रक्त त्यांनी बाटलीत घेतलं. माझ्याकडं पाहून विचारलं, "घेऊ ना?" मी हो म्हटलं. मला जाणून घ्यायचं होतं.

त्याच्या कपाळाला सासऱ्यांसारखी उभी आठी होती. हातपाय मधूनच थरथरत. दूध ओढायची ताकद नव्हती, कापसानं पाजलं. मी त्याच्या कानाशी 'थांब, थांब रे बाळा' म्हणत होते. थरथर थांब म्हणत होते की तू थांब, जाऊ नको म्हणत होते, ते माझं मलाच कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा तो गेला.

नाळेच्या रक्तात ते द्रव्य कमीच निघालं. डॉक्टर बाईंनी मला फसवलं नाही. त्या म्हणाल्या, "तो आधीच आला, अशक्त होता. औषधामुळंच गेला असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं, हे खरं." एवढं खरं सांगणारं माणूस भेटलं, याचा मला आधार वाटला. पुढं कोणी म्हणालं की सुनेच्या पायगुणानं गेलं, बाहेरचं होतं, तर मला आतून माहीत होतं काय होतं ते.

जी वाचेल तिच्यासाठी

मी डॉक्टर नाही. मला जे कळलं ते एवढंच. औषधाचा डबा घरात ठेवू नका, उंचावर तर अजिबात नको, गळतं ते खालीच येतं. फवाऱ्याचे कपडे गरोदर बाईनं धुवू नयेत. कापडाला ओळखीचा वास आला म्हणून ते घरचं मानू नका. आणि लाळ, घाम, धुरकट दिसणं, हे डोहाळे म्हणून सोडून देऊ नका. दवाखान्यात आमच्याकडं फवारा चालतो, एवढं आपणहून सांगा. औषध आणि दवाई यातलं काय घेतलं तेही नीट सांगा.

पुढं मला मुलगी झाली. माय स्वतः बाजारात जाऊन मलमल घेऊन आल्या, उकळत्या पाण्यात घातली, आणि मुलीच्या अंगाला पहिलं कापड नवं लागलं. बायका नावं ठेवत होत्या. माय म्हणाल्या, "ठेवा नाव. नवं टोचते, मारत नाई." मुलीची आता लग्नाची बोलणी चालू आहेत. तरी मी तिच्या धुतलेल्या कपड्यांचा वास घेऊन मगच घडी घालते. ती मला हसते.

राहिलेलं

हे सगळ्यात शेवटी लिहिते, कारण आधी लिहिलं असतं तर पुढं लिहवलं नसतं.

बाळ गेलं तेव्हा आयानं त्याला दवाखान्याच्या फडक्यात गुंडाळून दिलं. त्यावर दवाखान्याचा निळा शिक्का होता. हे त्याला घेऊन पुरायला निघणार, तेवढ्यात माय दाराशी उभ्या राहिल्या. "असा नाई जाणार. त्याले घरचं कापड पाहिजे."

पण घरचं कापड होतं कुठं? घरून आलेलं सगळं डॉक्टर बाईंनी बांधून बाजूला काढलेलं. माझ्या अंगावरही दवाखान्याचं लुगडं.

मायनी नेसत्या लुगड्याचा पदर पुढं ओढला, दातांनी चीर पाडली आणि टर्रकन फाडला. जुनं, मऊ, धुऊन धुऊन विटलेलं हिरवं कापड. तो तुकडा घेऊन त्या माझ्या खाटेजवळ, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आल्या. पण मला न देता डॉक्टर बाईंसमोर धरला.

"बाई," त्या म्हणाल्या, "वास पाहून द्या. औषधाचा तं नाई ना?"

आता त्याचं काय, असं डॉक्टर बाई म्हणू शकल्या असत्या. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी तो तुकडा दोन्ही हातांत घेतला, तोंडाशी नेला आणि नीट वास घेतला. एकदा, मग उलटून परत एकदा.

"नाही, माय," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे. गुंडाळा."